मोठीमायचा सव्वा महिना

गोंदिया जिल्ह्यात गरोदर बाईची नोंद दोन ठिकाणी होते. एक आशाताईच्या रजिस्टरात, दुसरी मोठीमायकडे. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, असं सरकार सांगतं. मोठीमायला इतका वेळ लागत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखादी सून तळणाच्या वासाने जराशी मागे सरकली, की तिळाचा लाडू तोंडात असतानाच मोठीमाय विचारते, "तुले कितवा वं?" त्या बिचारीने अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं, आणि बैठकीत अख्खी ओळ बसलेली असते.

मोठीमाय हे कागदोपत्री नातं. व्यवहारात ते एक खातं आहे. माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची ती बायको, म्हणून माझ्या नवऱ्याची मोठीमाय, म्हणून माझी, म्हणून आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या ओळीतल्या सगळ्यांची. सिंधी शेजारीणसुद्धा तिला मोठीमायच म्हणते. राहते अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधजवळच्या एका खेड्यात. तुमच्याकडे तिला आत्याबाई म्हणत असतील, काकी म्हणत असतील, गोंदियातल्या हिंदी बोलणाऱ्या घरांत बडी अम्मा. ओळखायची खूण सोपी आहे. बाळंतपण कुणाचंही असो, ती त्याला "आपलं" म्हणते. "आपलं यंदा दिवारीत हाये," असं ती सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला क्षणभर तिच्या वयाची काळजी वाटते.

सातवा लागला की बल्लारशाहकडून येणाऱ्या गाडीने ती गोंदियाला उतरते. फोन करून येत नाही, बोलावण्याची वाट पाहत नाही. तिच्या पिशवीत जवस, सुंठ, बाळंतशोपा, वेखंडाचं कांड, जंगलातली चारोळी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली जुन्या लुगड्यांची फडकी आणि धावड्याचा डिंक असतो. डिंक धावड्याचाच, तोही ओळखीच्या माणसाने आणलेला. मी एकदा हौसेने बाजारातून पाव किलो आणून ठेवला होता. तिने एक खडा उजेडात धरून पाहिला, दाताखाली चावला आणि म्हणाली, "हा पोस्टाच्या पाकिटाले लावाचा होय. ठेवून दे, कामी येते."

आल्या आल्या पहिलं काम म्हणजे निदान. पोटाचा आकार, उंबरा ओलांडताना आधी उचललेला पाय, आंबट हवंसं वाटतं की गोड, हे सगळं ती विचारात घेते आणि मुलगा की मुलगी ते जाहीर करते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सगळ्यांच्या आधी केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. दोन्हींत मोठीमायची तरतूद राहून गेली. सोनोग्राफी केंद्रात "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या पाटीखालच्या बाकावर बसून ती शेजारच्या अनोळखी बाईला सांगते, "पोट समोर हाये, पोट्टा होते तुले." समाजाचं सुदैव असं की तिचं निदान निम्म्या वेळा चुकतं. चुकलं की म्हणते, "मी तं पोट्टीच म्हनलं होतं, तुमी आयकलं नाई." मुलगी झाली म्हणून तिने तोंड पाडलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही. माझ्या मुलीच्या वेळी तिने वॉर्डभर जिलेबी वाटली, तीही माझ्याच नवऱ्याच्या पैशाने.

डोहाळजेवणाचं तिचं मत मला पाठ आहे. तिच्या काळी सातव्या महिन्यात पाच सवाष्णी बोलवायच्या, हिरवी चोळी, ओटी, खीरपुरी, आणि दोन झाकल्या वाट्यांतून एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. संपलं. आता हॉल घेतात. माझ्या नणंदेच्या मुलीने झोका मागवला, फुलांचे दागिने मागवले, दारात फुग्यांची कमान केली आणि अंगावर "मॉम टू बी" लिहिलेला पट्टा घातला. तो पट्टा पाहून मोठीमाय म्हणाली, "हे कोनच्या पार्टीची उमेदवार होय?" नंतर केक आला. केक कापायला ती तयार नव्हती. शुभ कार्यात सुरी कशाला? आणि फोटो तर मुळीच नको, पोटुशीचा फोटो काढला की नजर लागते. हे सगळं बोलून झाल्यावर ती नेमकी झोक्याच्या मधोमध, उत्सवमूर्तीला बाजूला सरकवून बसली आणि फोटोवाल्याला म्हणाली, "माह्या पायाचे नको घेऊ बाबू, चप्पल तुटली हाये." तो फोटो आजही तिच्या नातवाच्या स्टेटसवर दर वर्षी उगवतो.

तिचं खरं वैभव म्हणजे "आमच्या टाइमले". हे दोन शब्द आले, की हातातलं काम खाली ठेवावं, कारण पुढे रोवण्याची गोष्ट येते. गोष्ट अशी. आषाढातला दिवस, मोठीमायला नववा भरलेला. सकाळी चिखलात उभं राहून तिने धानाचा रोवणा केला, दुपारी बांधीच्या धुऱ्यावर पोरगं झालं, ते लुगड्यात गुंडाळलं आणि संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांचा भात टाकला. "आन् तुमी? तीन महिने आधीपासून उशा लावून झोपता." या गोष्टीतलं पोरगं कधी थोरलं असतं, कधी तिसरं. माझ्या नवऱ्याने एकदा तिची तपासणी करायची ठरवलं. मोठीमायच्या थोरल्याची शाळेतली जन्मतारीख 1 जुलै, म्हणजे रोवण्याच्या दिवसांशी जमतं. मग दुसऱ्याची पाहिली, ती 1 जुलै. तिसऱ्याची आणि चौथीचीही 1 जुलैच. त्या पिढीत अर्धा महाराष्ट्र हेडमास्तरांच्या कृपेने 1 जुलैलाच जन्मला आहे. जन्मस्थळाचाही घोळ आहेच. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे मोठीमायची सगळी मुलं भंडारा जिल्ह्यात जन्मली आणि नातवंडं गोंदिया जिल्ह्यात. खोली एकच.

माझं पहिलं बाळंतपण मे महिन्यात झालं. मे महिन्यातला गोंदिया ज्याने पाहिला नाही त्याला ही शिक्षा कळायची नाही. पारा पंचेचाळिशीच्या आसपास, आणि मोठीमायचा हुकूम असा की बाळंतिणीला वारं लागता कामा नये. खिडकीला पोतं, डोक्याला फडकं, कानात कापूस, बाजेखाली ओवा-शेपांची शेगडी. कूलर बाहेरच्या खोलीत पुरुषांच्या सेवेला. "आता हवा घेशीन तं म्हतारपनी सांधे बोलतीन," ती म्हणायची. माझे तेव्हाच बोलत होते. शेवटी तडजोड झाली. कूलर आत आला, पण तोंड भिंतीकडे करून. भिंतीला हवा लागे, भिंतीवरून उरलेली आम्हाला. शेगडी बाजेखालून निघून कोपऱ्यात गेली, आणि दिवसातून एकदा फक्त धुरी. तेवढ्यानेही बाळ शिंकलं. "पाह्यलं? छाती मोकरी झाली," मोठीमाय म्हणाली.

तडजोड हा तिचा मोठा गुण आहे, तिला तो कुणी सांगितला तर ती भांडेल. आशाताई आणि तिची पहिली गाठ पडली तेव्हा दोघी जावांसारख्या एकमेकींकडे पाहत होत्या. आशाताईकडे वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ, हिच्याकडे सहाण. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत आशाताईच्या ठरलेल्या भेटी असतात, आणि प्रत्येक भेटीत एकेका प्रथेवर चर्चा होई. काजळ डोळ्यांत घालायचं नाही, म्हणाली आशाताई. मोठीमायने आकाशातल्या सगळ्या देवांना साक्षीला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून काजळ बाळाच्या तळपायाला लागू लागलं. नजरेला काय, टीट कुठंही असली म्हणजे झालं. मग बाळगुटीवरून पेटलं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, असं आशाताईचं म्हणणं. मोठीमाय रोज पहाटे सहाणेवर वेखंड, हिरडा, मुरडशेंग, जायफळ यांचे मोजून वेढे देणार, हेही ठरलेलं. मधला मार्ग तिनेच काढला. गुटी रोज उगाळली गेली आणि रोज मला पाजली गेली. "तुह्या दुधातून जाते लेकराले," तिने सांगितलं. बाळाला मुरडा झाला नाही. मला झाला.

एका गोष्टीत मात्र ती आशाताईच्या आधीच बदलून बसली होती. बाळ झाल्याबरोबर तासाभराच्या आत अंगावर घ्यायचं, चिकाचं दूध पाजायचं, यासाठी ती नर्सच्या मागे लागते. पूर्वी तेच दूध पिळून टाकत आणि बाळाला तीन दिवस गूळपाण्याच्या बोळ्यावर ठेवत. हे कुठं शिकलीस, म्हणून मी विचारलं. तिच्या मावसबहिणीची सून गडचिरोलीकडची. तिकडे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आरोग्यदूत म्हणून. बाळं दगावणं इतकं कमी झालं की 1999 साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढे आशाताईच्या घरभेटी त्याच वळणाने सुरू झाल्या. मोठीमायला 'लॅन्सेट' माहीत नाही. पण गावातली बाई काटा घेऊन फिरते आणि पोरं वाचतात, हे तिने कानांनी ऐकलं होतं आणि ते तिला पटलं होतं; शहरातल्या डॉक्टरपेक्षा जरा जास्तच.

सटवीच्या बाबतीत तडजोड नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला सिझर झालं आणि सटवीच्या पूजेची रात्र वॉर्डातच आली. पाटा-वरवंटा तिथे कुठून यायचा? ती कुठूनतरी विटेचा तुकडा घेऊन आली, धुतला, हळदकुंकू लावलं, पलंगाखाली मांडला. सटवी येऊन बाळाच्या कपाळीचं लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. कोरा कागद मिळेना, तेव्हा बाळाच्या तपासणीच्या कागदाची मागची बाजू. बॉलपेन तिने आधी हातावर रेघ ओढून पाहिलं. ऐनवेळी शाई निघाली नाही तर? माझा भाचा म्हणाला, मोबाइल ठेव, नोट्स उघडून देतो. "सटवीले टायपिंग येत नाई," ती म्हणाली. आमच्या चिरंजीवांचं भविष्य जर काही लिहिलं गेलं असेल तर ते अशा कागदावर आहे, ज्याच्या पुढच्या बाजूला त्याचं वजन आणि रक्तगट आहे. तो कागद तिने लॅमिनेट करून घ्यायला लावला. दोन्ही बाजूंनी.

सिझरवरून आमच्या ओळीतल्या बायका नेहमी तिला छेडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले तर 2005-06 मध्ये महाराष्ट्रात शंभरातली पासष्टच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2019-21 पर्यंत पंचाण्णवच्या घरात गेली. आणि त्याच 2019-21 च्या पाहणीत शंभरातली पंचवीस सिझर. हे जरा जास्तच होतं, असं मलाही वाटतं. सोयीच्या मुहूर्तावर पोट उघडणारेही आहेत. एकदा कुणीतरी म्हणालं, "मोठीमाय, तुमच्या टाइमले नव्हतं बाई असं पोट फाडणं." मला वाटलं, आता रोवण्याची गोष्ट येणार. ती सुपातले तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आमच्या टाइमले पोट फाडत नोहते. पोटातच मरत होते." आणि पुढचा खडा काढला.

मोठीमायला मुलं सात झाली. चार आहेत. हे ती कुणी विचारलं तरच सांगते आणि त्यात आवाज बदलत नाही. एक तान्हेपणीच गेलं. दाईने नाळ धानकापणीच्या विळ्यानेच कापली होती. ती दाई गावाच्या कडेला राहायची. तिच्या हातावर लेकरू पडायचं, पण तिच्या हातचं पाणी घरात चालत नसे, आणि मोबदला म्हणजे पायलीभर तांदूळ न् एक जुनं लुगडं. "थे गरीब बाई रातभर बसली माह्यापाशी, आन् सकारी आमी घरात गोमूत्र शिपडलं," मोठीमाय सांगते, आणि मग आपल्या सासूला एक शिवी देते. त्या सासूने शेवटच्या महिन्यांत हिला पोटभर जेवू दिलं नव्हतं. पोर मोठं झालं की अडतं, हे तेव्हाचं शास्त्र. आज मोठीमाय गर्भारशीच्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढते तेव्हा तिला नको म्हणायची कुणाची छाती होत नाही.

एक मुलगा आठव्या वर्षी गेला. हातपाय सुजायचे, सांधे दुखून रात्रभर रडायचा, डोळे पिवळे. तेव्हा बाहेरवासा म्हणून कोंबडं उतरवलं. आमच्या या पट्ट्यात सिकलसेल किती आहे हे पुढे तपासण्या सुरू झाल्यावर गावागावांना कळलं. "त्याले सिकलच असंन," ती म्हणते. त्यामुळे अलीकडे कुणाच्या लग्नाची बोलणी निघाली, की मोठीमाय नाक खुपसते. "पत्रिका मंग पाहा. आधी दोघायचं सिकल पाहा." दोघंही वाहक असतील तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला आजाराचा धोका चारात एक असतो, हे गणित शाळा न शिकलेली ही बाई बोटांवर करून दाखवते. दोन सोयरिकी तिच्यामुळे मोडल्या. त्या दोन्ही घरांत तिचं नाव निघालं की आजही दार लागतं. तिला त्याचं काही नाही.

सरकारी योजना तिला तहसीलदारापेक्षा जास्त येतात. पासबुकावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, तर मातृवंदना योजनेचा हप्ता अडकतो, हे ती लग्नातच नवरीला सांगते. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, जेवण फुकट, घरी सोडायला गाडीही फुकट, म्हणून घरी परतताना रिक्षा करणाऱ्या जावयाला तिने रस्त्यात उभं करून झापलं होतं. तिच्या गावच्या घराच्या भिंतीवर कोळशाने दोनच आकडे लिहिलेले आहेत: 102 आणि 108. धुऱ्यावरच्या बाळंतपणाची गोष्ट रात्री जेवताना रंगवून सांगणारी हीच बाई, पहाटे पुतणसुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा कुणालाही न विचारता फोन लावून मोकळी झाली होती. गाडी येईपर्यंत तिने पोरीच्या कमरेवर हात फिरवला, गावातल्या सगळ्या देवांना नारळ कबूल केले आणि ड्रायव्हरला फोनवर तीनदा वळण समजावून सांगितलं. बाळ गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयात सुखरूप झालं. नारळ अजून फिटताहेत.

नव्या बापांचं तिला कोडं आहे. माझ्या नवऱ्याला रेल्वेची पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळाली, तेव्हा तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुले कायची सुट्टी? तुले कुठं टाके पडले?" पूर्वी बापाने दहा दिवस खोलीकडे फिरकायचं नाही, आणि फिरकला तर पैसे द्यायला. पण सुट्टी आहेच म्हटल्यावर ती वाया घालवणं तिच्या रक्तात नाही. पहाटे पाचला त्याला उठवून तिने कडुलिंबाचं पाणी तापवायला लावलं, लंगोट धुवायला लावले, डिंक तळायला लावला. पंधराव्या दिवशी तो ड्यूटीवर असा धावला, जणू गाडी सुटत असावी.

सव्वा महिन्याबद्दल मात्र ती अडून बसते, आणि इथे मी पूर्ण तिच्या बाजूची आहे. पगारी नोकरीत आता सव्वीस आठवड्यांची रजा आहे, 2017 पासून. पण आमच्या मागच्या वस्तीतल्या बिडी वळणाऱ्या बाईला कसली रजा? हजार बिड्यांवर मजुरी. हात थांबला की पैसा थांबला. तशा एकीचं बाळंतपण झालं आणि बारशानंतर लगेच ती मांडीवर सूप घेऊन बसली. मोठीमायने ते सूप ओढून घेतलं. वाटलं, आता भाषण होणार. ती स्वतः भिंतीला टेकून बसली, तेंदूपत्ता कापला, तंबाखू भरला, दोरा गुंडाळला, आणि त्या पोरीचा सव्वा महिना भरेपर्यंत रोज दुपारी तिच्या वाटच्या बिड्या वळत राहिली. वळताना "आमच्या टाइमले" चालूच होतं, आणि ती पोर ऐकता ऐकता झोपून जायची. बिड्या जरा ढिल्या निघत, असं ठेकेदार म्हणे.

आता तिचे गुडघे बोलतात. कानात हवा गेली असणार, असं मी म्हटलं, तर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तरी पुढच्या महिन्यात धाकट्या दिराच्या सुनेला सातवा लागतो आहे आणि ती येणार हे नक्की आहे. तुमच्या घरीही अशी कुणी येणार असेल तर एवढं करा: तिने आणलेल्या पुड्यांपैकी काय बाळाला द्यायचं आणि काय नाही, ते डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा, कूलरची जागा तिच्यासमोर हलवू नका, आणि गाडीच्या वेळेला स्टेशनवर माणूस पाठवा. पिशवी जड असते आणि हमालाला ती द्यायची नाही.